बगळ्याचं पिल्लू आणि 18 फ्रेम

एक दोन मिनिटांची टूडी अॅनिमेशन शॉर्ट फिल्म केली, एकटीने, नोकरी सांभाळून. सात महिने लागले आणि त्यातले पहिले तीन चुकीचा बगळा काढण्यातच गेले. गोष्ट एवढुशी, बगळा ध्यान लावून उभा, मासा काही गावत नाही, मग पिल्लू येतं आणि त्याची नक्कल करायला लागतं. लिहितानाच मला हसू येत होतं त्यामुळे वाटलं चला, अर्धं काम झालं!

पहिला बगळा फार देखणा होता हो. पीस न् पीस काढलेलं, डोळ्याला शेडिंग, मानेवर बारीक रेघा. एक मैत्रीण स्टोरीबोर्डचं काम करते, ती म्हणाली सगळ्या पोझ काळ्या रंगाने भरून बघ, सिल्हूट (नुसता बाहेरचा आकार) वाचता येतंय का ते. भरल्या तर सहाच्या सहा पोझ म्हणजे पाण्यात खोवलेली काठी, चिडलाय की झोपलाय की भुकेलाय, काही पत्ता नाही. वर हिशेब केला, सेकंदाला 24 फ्रेम, एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तरी दोन मिनिटांना 1440 ड्रॉइंग, आणि प्रत्येकात ती पिसं? पिसं गेली. पोट वाढवलं, पायांच्या काड्या केल्या, मान अशी ठेवली की तोरा असला की ताठ आणि भूक लागली की बाक. आता नुसता काळा डाग बघूनही साहेबांचा मूड कळायला लागला.

पिल्लाने मात्र घाम काढला. मी सरळ मोठा बगळा सिलेक्ट करून निम्मा केला होता आणि ते पिल्लू दिसायचंच नाही, लांब उभा असलेला मोठा बगळाच वाटायचा. तेव्हा लक्सो ज्युनियर या पिक्सारच्या 1986 च्या छोट्या अॅनिमेशन फिल्ममधला छोटा दिवा कसा बनवला ते वाचनात आलं. दिग्दर्शक लॅसेटरने सगळं सारखं लहान केलं नाही, दांड्या आखूड केल्या पण त्यांची जाडी तीच ठेवली, बल्बही मोठ्या दिव्याएवढाच. म्हटलं मग माझा बल्ब कुठला? चोच! चोच बापाएवढीच ठेवली आणि मान, पाय, अंग सगळं आखूड केलं. वॉक सायकल (परत परत वापरायची चालण्याची ड्रॉइंग) करायला बसले तर प्रत्येक पावलाला चोचीच्या वजनाने ते पुढे कलंडायला लागलं, मग मागे झुकून सावरणार, परत कलंडणार. असला जोक मी स्क्रिप्टमध्ये लिहिलाच नव्हता.

याच्यामुळे शेवटही बदलला. आधी बगळा घसरून धप्पकन पाण्यात पडायचा, अ‍ॅनिमॅटिक (स्थिर चित्रं जोडून केलेली कच्ची फिल्म) चार जणांना दाखवलं, एकही हसला नाही (एकाने मोबाइल बघितला, ते जास्त लागलं). पडणं कोणाचंही दाखवता येतं, त्यात या बगळ्याचं असं काय होतं? आता पिल्लू बापासारखं एका पायावर उभं राहतं, चोच जड, तोल जातो, चोच पाण्यात बुडते आणि वर येते ती मासा घेऊन. बाप हलत नाही कारण हलला तर ध्यान मोडलं, आणि त्याला तर आपण तपस्वी वाटतोय. फक्त डोळा खाली सरकतो.

त्या डोळ्याआधी किती थांबायचं यावर मी एक अख्खा आठवडा घालवला. 6 फ्रेमचा होल्ड ठेवला तर मासा दिसायच्या आत डोळा हलून मोकळा. 40 ठेवला तर फिल्म अडकली की काय असं वाटे. 18 वर त्याच चार जणांपैकी तिघं फुटले, मोबाइलवालासुद्धा. मग बाप हळूच इकडेतिकडे बघतो आणि कोणी बघत नाही ना याची खात्री करून स्वतःची चोच मुद्दाम पाण्यात पाडतो. वर येते ती रिकामी.

मला अजून तो होल्ड दोन फ्रेम जास्त वाटतो, पण फायनल रेंडर झालाय आणि फाइल उघडायची आता हिंमत नाही.