पाणी पाजूनही सुकलेल्या पेशी

मे महिन्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं मूल क्रायसिसमध्ये, म्हणजे अचानक उठलेल्या तीव्र वेदनांत, आलं की नागपुरात कारण आधीच ठरलेलं असतं: ऊन लागलं, पाणी कमी पडलं. त्या मुलाच्या कागदावरही तेच लिहून आलं होतं. मी पॅथॉलॉजीत, आमच्याकडे जांभळ्या झाकणाची रक्ताची नळी येते, माणूस येत नाही.

एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचा आजार, एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासणीत आधीच नोंदलेला होता, त्यामुळे विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसणारच होत्या. पण स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, पाहताना मी थबकले. मधला फिकटपणा पार गेलेल्या, गच्च, गडद पेशी फील्डमागून फील्ड दिसत होत्या. एमसीएचसी, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी, वाढलेला. शरीरातलं पाणी घटलं की सहसा वाढणारे युरिया, क्रिएटिनिन, सोडियम मात्र नॉर्मल, आणि दाह दाखवणारा सीआरपी चढलेला. शरीरात पाणी होतं, पेशींमध्ये नव्हतं.

रिपोर्ट फोनवर न सांगता मी वॉर्डात गेले. तिथे रेसिडेंट डॉक्टर मुलाच्या आईला विचारत होता, "पाणी का नाही पाजलं?" ती म्हणत होती, "रातभर पाजत होती जी, ताप होता त्याले दोन दिवसापासून." हा ताप केसपेपरवर कुठेच नव्हता. रेसिडेंट पोरगा हुशार आहे, पण आईला बोल लावण्याची ही सवय मला मनापासून खटकते.

लाल पेशीत पोटॅशियम प्लाझ्माच्या २५-३० पट असतं आणि कॅल्शियम जवळपास नसतंच. ऑक्सिजन सुटून एस हिमोग्लोबिनचे, म्हणजे सिकलसेलमधल्या बदललेल्या हिमोग्लोबिनचे, दांडे बनले की पेशीचं आवरण ताणतं आणि कॅल्शियम आत झिरपतं. त्याने पोटॅशियमचं एक दार उघडतं, गार्डोस चॅनेल. कॅल्शियममुळे पेशी पोटॅशियम गमावते हे हंगेरीच्या ग्योर्गी गार्डोस यांनी १९५८ मध्ये दाखवलं. पोटॅशियम बाहेर पडलं की मागोमाग क्लोराइड आणि पाणी जातं आणि पेशी आक्रसते. आतलं हिमोग्लोबिन दाटतं, आणि ते थोडं जरी दाटलं तरी पुढचे दांडे कितीतरी पट लवकर बनतात.

मला सारखी आठवते ती यापुढची पायरी. हे दार निव्वळ कॅल्शियमच्या हुकमावर चालत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटणारं एंडोथेलिन-१ लाल पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरला चिकटतं आणि चॅनेल जास्त सक्रिय होतं. दाह वाढवणारे इतर काही रेणूही तेच करतात. क्रायसिसमध्ये एंडोथेलिन वाढलेलं आढळतं. म्हणजे तापाचा निरोप थेट पेशीच्या दारापर्यंत पोचू शकतो. या मुलात नेमकं तेच झालं हे मी स्मिअरवरून सिद्ध करू शकत नाही, पण दोष आईच्या तांब्याचा नव्हता एवढं त्या आकड्यांवरून खात्रीने म्हणता येत होतं. मी ते रेसिडेंटसमोरच तिला सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग ते दार बंद कराचं औषध नाही का जी?"

होतं. सेनिकॅपॉक. त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले: पेशी कमी फुटल्या, हिमोग्लोबिन वाढलं, पण वेदनेचे क्रायसिस काही घटले नाहीत. पेशी जास्त टिकल्याने रक्तच दाट झालं असावं, असं एक स्पष्टीकरण आहे. मला ते अर्धवट वाटतं. वाहिनीच्या भिंतीला चिकटणाऱ्या पेशींचं काय, हा प्रश्न त्यात उरतोच.

तिला मी क्रायसिस कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नेमाने द्यायला सांगितलं. आणि डिस्चार्ज कार्डावर 'भरपूर पाणी प्या' याच्या वर लिहून घेतलं: ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात या.