स्की न करणाऱ्यांची खोली

ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं टूर ऑफिस आहे. स्वित्झर्लंडची कामं बरीच येतात, पण ती जवळजवळ सगळी मे-जूनची. टिटलिस, युंगफ्राउयोख, बर्फात हात पसरून फोटो, की लगेच पुढचं शहर. स्कीसाठी म्हणून आठवडाभर एकाच गावात मुक्काम ठोकणारं मराठी कुटुंब क्वचितच भेटतं. म्हणून सप्टेंबरातल्या एका शनिवारी काका-काकू आले तेव्हा मी बाकीच्या फायली बाजूला सारल्या.

प्रकरण असं होतं. त्यांची मुलगी लंडनला. ती आणि जावई दोघंही बऱ्यापैकी स्की करतात. दहा वर्षांचा नातू थोडंफार शिकलाय, सहा वर्षांची नात अजून बर्फावर उभीही राहिलेली नाही. लंडनच्या शाळांना फेब्रुवारीच्या मध्याला आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात सगळ्यांनी स्वित्झर्लंडला भेटायचं, इथपर्यंत एकमत झालं होतं. राहायचं कुठे यावरून मात्र तीन आठवडे बाप-लेकीची फोनवर जुंपली होती आणि निवाडा माझ्याकडे आला होता.

काका बँकेतून निवृत्त झालेले. हिशोबाचा कागद घडी करून खिशातच होता. "इंटरलाकेनला राहायचं. हॉटेल स्वस्त, दोन पावलांवर वरण-भात, रेल्वे स्टेशन तिथेच. ज्यांना घसरायचंय त्यांनी रोज सकाळी गाडी पकडून जावं आणि संध्याकाळी परत यावं. डोंबिवलीची माणसं नाही का रोज जात?"

कागदावर हिशोब चोख होता. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनहून डोंगराकडची गावं जवळ: ग्रिंडेलवाल्ड साधारण पस्तीस मिनिटं, लाउटरब्रुनेन वीस मिनिटं, गाड्या नेमाने सुटणाऱ्या. पण खुद्द इंटरलाकेन दोन तळ्यांमधल्या सपाटीवर, ५६८ मीटरवर. गावात स्कीचा उतारच नाही. दारातून बाहेर पडलं की घसरणं नाही, आधी प्रवास.

माझ्या कपाटात स्कीचे जुने बूट पडून असतात. मनालीत भाड्याने सामान देणाऱ्या एकाकडून मोडीच्या भावात घेतले होते, अशाच प्रसंगांसाठी. जोडी जवळजवळ चार किलोची. वर कडक प्लॅस्टिकचं कवच, पुढे चार खटके. खटके आवळले की घोटा वाकायचं नावच घेत नाही आणि नडगी पुढे दाबली जाते. मी ते काकांसमोर ठेवले. "काका, हे घालून जिन्यापर्यंत जाऊन या."

काका हौशी. घातले. पहिलं पाऊल टाकताच त्यांनी टेबलाची कड धरली. मग टाच आपटत, ठक् ठक् करत दारापर्यंत गेले. चहा घेऊन आलेला पोऱ्या भिंतीला चिकटून उभा राहिला. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून काका परत वळले.

"आता एका खांद्यावर तुमच्या स्की आणि दुसऱ्यावर नातीच्या. ती म्हणतेय शू लागली. आणि लाउटरब्रुनेनला गाडी बदलायचीय."

खरं सांगायचं तर बूट आणि स्की वर डेपोत ठेवायची सोय असते, त्यामुळे सगळा गाडा रोज ओढावा लागत नाही. तेही मी त्यांना सांगितलं. पण लहान मुलांचा स्कीचा वर्ग सकाळी असतो, आणि सहा वर्षांच्या मुलीला अंधारात उठवून, खाऊ घालून, थंडीचे थरावर थर चढवून गाडीत बसवायचं हे सलग पाच दिवस. काकांनी खटके उघडले आणि कागदाची घडी परत खिशात घातली.

मग लंडनला त्यांच्या मुलीला, ताईंना, व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं झरमॅट ठरलेलंच होतं. त्यांनी एक अपार्टमेंटही हेरून ठेवलं होतं, खिडकीतून मॅटरहॉर्न शिखर दिसणारं. झरमॅटला नावं ठेवायची माझी टाप नाही. मोटारींना बंदी असलेलं गाव. टेश गावी गाडी सोडायची आणि बारा मिनिटांच्या रेल्वेने वर यायचं. वर क्लाइन मॅटरहॉर्नला ३,८८३ मीटरपर्यंत केबल कार, तिथून स्की करत पलीकडे इटलीत उतरा. चांगलं स्की करणाऱ्या जोडप्याने आणखी काय मागावं? पण तिथला नवशिक्यांचा उतार सुनेग्गाला, गावाच्या वर, २,२८८ मीटरवर. म्हणजे छोटीला रोज डोंगराच्या पोटातल्या रेल्वेने वर न्यायचं आणि वर्ग संपला की कोणीतरी आणायला जायचं. शिवाय गाव लांबोडकं. एक लिफ्ट या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मध्ये इलेक्ट्रिक बस.

"आणायला बाबा जातील की," ताई म्हणाल्या. "आणि अपार्टमेंटला किचन आहे. बाहेर जेवायचं म्हणजे लुटतात तिथे. आई असेलच, ती करेल काहीतरी गरम गरम."

तोवर काकू एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पर्स मांडीवर घेऊन, भिंतीवरचा नकाशा बघत बसल्या होत्या. त्या फोनकडे न बघता मला म्हणाल्या, "म्हणजे मी ठाण्यातनं उठून स्वयंपाक करायला जायचं का? नाही, करेन मी. फक्त विचारतेय, बाकीचा दिवस मी तिथे काय करायचं?"

फोनवर ताई गप्प झाल्या. काका पुन्हा बुटांचे खटके खेळवायला लागले.

स्कीच्या सहलीत माझा अंदाज असा की, स्की करणाऱ्यांना मुक्कामाचं गाव फारसं नडत नाही. ती दिवसभर बाहेर असतात आणि रात्री मेल्यासारखी झोपतात. हॉटेल, गल्ली, बाल्कनी, दुकान हे सगळं वाट्याला येतं ते मागे राहणाऱ्यांच्या. म्हणून अशा घरात मी खोली मागे राहणाऱ्यांच्या सोयीची शोधते आणि स्की करणाऱ्यांना त्यात बसवते. मी वेंगेनचं नाव काढलं.

वेंगेन लाउटरब्रुनेनच्या दरीच्या वर, एका कड्यावरच्या गच्चीसारखं, १,२७४ मीटरवर वसलंय. दरी इतकी अरुंद की हिवाळ्यात तळाशी ऊन जेमतेम पोचतं; वर मात्र ते मिळतं. मोटारींना तिथेही बंदी. खालून दातेरी चाकांची रेल्वे येते, तीच पुढे क्लाइन शायडेगला २,०६१ मीटरवर जाते. आणि खरी मेख या रेल्वेत आहे. त्या डब्यात स्की घेतलेला जावई आणि स्वेटर घातलेली सासू शेजारी बसून वर जातात. दुपारी वर सगळ्यांनी एकत्र जेवावं, मग एकाने घसरत खाली यावं आणि दुसऱ्याने गाडीने. मॅनलिखेन डोंगरावर जाणारी केबल कार गावातूनच सुटते. तिथून क्लाइन शायडेगपर्यंत हिवाळ्यातही बर्फ दाबून चालायची वाट केलेली असते, समोर आयगर शिखर. आणि नवशिक्यांचा उतार गावाच्या मध्यात! काकूंनी बाकावर बसून नातीला पडताना बघायचं.

उणी बाजूही सांगितली. उंची कमी, त्यामुळे ऊबदार हिवाळा लागला तर खालच्या उतारांवर बर्फाची खात्री झरमॅटइतकी नाही. फेब्रुवारीचा मध्य म्हणून मी धीर करत होते. वेंगेनवर इंग्रजांचा जीव जुना, त्यांचा तिथला स्की क्लब १९२५ पासूनचा. त्यामुळे लंडनच्या सुट्टीत भाव चढे आणि खोल्या चटकन जातात. जानेवारी असता तर मी वेंगेन सुचवलंच नसतं. तेव्हा लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते आणि गाव ओसंडून वाहतं.

अपार्टमेंट रद्द. रात्रीच्या जेवणासकट हॉटेल घ्यायचं ठरलं. महाग पडत होतं, पण बाहेरच्या जेवणाचा खर्च मिळवला तर फरक वाटला तेवढा राहिला नाही. शाकाहाराचं मी लिहून घेतलं आणि काकूंना सावधही केलं. फाँड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, व्हाइट वाइन आणि किर्श ही चेरीची दारू असते, त्यामुळे नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. संकष्टी कोणत्या तारखेला येते हे त्यांनी कालनिर्णयात बघून लगेच सांगितलं. साबुदाणा इथूनच न्यायचा ठरला.

दोन हॉटेलं निवडून त्यांना मेल टाकली. एकाचं उत्तर दुपारीच आलं: स्टेशनपासून चालत आठ मिनिटं. मी उलट विचारलं, आठ मिनिटं चढाची की उताराची? वेंगेन डोंगराच्या उतारावर आहे. नकाशावर दोन बोटांचं अंतर म्हणजे बर्फाळ गल्लीतली उभी चढण असू शकते, आणि काकांचा गुडघा काही आठ मिनिटांच्या हिशोबात नव्हता. "थोडा चढ आहे, पण सामान आणि पाहुण्यांसाठी आमची इलेक्ट्रिक गाडी येते," असं उत्तर आलं. "पाहुण्यांसाठी" हा शब्द मी ठळक करून परत पाठवला आणि होकार आल्यावरच पुढे गेले. दुसऱ्या हॉटेलची गाडी फक्त सामान नेत होती. त्याच्यावर काट मारली.

शेवटचा तिढा वारांचा होता. त्या आठवड्यात हॉटेल शनिवार ते शनिवारच देत होतं आणि काकांनी मुंबई-झुरिकची तिकिटं गुरुवारची काढून ठेवली होती. तेव्हा पहिल्या दोन रात्री इंटरलाकेन. वरण-भात, स्टेशन, सगळं काकांच्या कागदाबरहुकूम. ते एवढे खूश झाले की बाकीच्या मुद्द्यांवर त्यांनी घासाघीस केलीच नाही. विम्यात हिवाळी खेळांचं कलम स्वतंत्र घ्यायला ताईंना बजावलं. साध्या प्रवासविम्यात स्की बहुतेक वेळा वगळलेली असते आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवायचं बिल तब्येतीपेक्षा जास्त घाबरवतं.

मार्चमध्ये काकू पेढे घेऊन आल्या. एक दिवस वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद होत्या, त्या दिवशी जावई हॉटेलात वैतागून बसले आणि त्या नातवंडांना घेऊन स्लेजवर गेल्या. एकदा नव्हे, चारदा. काका मात्र जेवणावर नाराज. रोज सूप आणि बटाटा, म्हणे. ताईंना पुढच्या वर्षी पुन्हा झरमॅट हवंय.

"जाऊ दे की त्यांना," काकू म्हणाल्या. "आमचं दोघांचं वेंगेनच बघ. तेच हॉटेल. आणि गाडी पाठवतात का, ते विचारून घे."