भरलेली बाटली

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये एका पेशंटच्या चार तासांना साधारण १२० लिटर पाणी लागतं. आरओ प्लांटमधून ते मशिनमध्ये येतं, रक्तातली घाण घेऊन ड्रेनला जातं. आणि ज्याच्यासाठी एवढं पाणी वाहतं, त्या माणसाला मात्र, किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत म्हणून, दिवसाकाठी प्यायला जेमतेम लिटरभर, कित्येकांना त्याहून कमी. इतकी वर्षं टेक्निशियन आहे, पण सोलापूरच्या मे महिन्यात हा हिशेब मला अजून पचत नाही.

त्या दिवशी पारा ४३च्या वर होता. वार सोमवार. सोम-बुध-शुक्रच्या पेशंटांना सोमवार जड जातो, कारण मधे दोन दिवस मोकळे असतात. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक काका आले. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन, ५२ किलो, काट्यावर भरले साडेपंचावन्न. म्हणजे साडेतीन लिटर पाणी अंगात साठलेलं. विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "राहवलं नाही." एकदम ओढून काढलं तर बीपी पडतं, पायात गोळे येतात. डॉक्टरांनी तीन लिटरवरच थांबायला सांगितलं. फिस्टुलावर, म्हणजे सुयांसाठी हातात जोडून केलेल्या नसेवर, बोटं ठेवून थरथर पाहिली, सवयीप्रमाणे क्षणभर डोळे मिटले आणि दोन्ही सुया घातल्या.

मी ख्रिस्ती आहे. सुई हातात घेण्याआधी प्रभूकडे मागतो, की माझ्या हातून या माणसाला कमीत कमी दुखू दे. पण बेडवरच्या पेशंटला मी होऊन कधी सुवार्ता सांगत नाही. ज्याच्या हातात दोन सुया आहेत, ज्याला चार तास उठून जाता येत नाही, त्याच्यापुढे बोलणं मला पटत नाही. ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मोकळीक हवी. चर्चच्या मंडळीतल्या काहींना माझं हे भित्रेपण वाटतं. वाटो.

दुपारी काम जोडीदारावर सोपवून डबा खायला बाहेर आलो. कॉरिडॉरच्या बाकावर काकांची बायको बसली होती. घरी विड्या वळते. बोटांच्या पेरांवर तंबाखूचा डाग. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, आणि मांडीवर पाण्याची बाटली. काठोकाठ भरलेली.

"अक्का, पाणी प्या की. चक्कर येईल."

"नको अण्णा."

"का?"

तिने युनिटच्या दाराकडे पाहिलं. "ते तिथं तहानलेले. मी इथं कशी पिऊ?" सकाळपासून एक घोट घेतला नव्हता तिने. घरीसुद्धा, ते समोर असले की पीत नाही म्हणाली.

पुन्हा "प्या" म्हणण्यात अर्थ नव्हता. नर्सनेही सांगून झालं होतं. आदल्याच दिवशी उपासनेत बायबलातल्या योहानाचा चौथा अध्याय झाला होता: भर दुपार, याकोबाची विहीर, दमलेला येशू, आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. तो तिला उपदेश करत नाही, आधी तिच्याकडे पाणी मागतो. तरुणपणी मी खिशात सुवार्तेच्या पत्रिका घेऊन स्टेशनवर उभा राहायचो, भेटेल त्याला द्यायचो. कुणाकडे काही मागावं, हे कधी सुचलंच नव्हतं.

म्हटलं, "अक्का, मला तहान लागलीय. तुमच्यातलं देता थोडं?"

ती संकोचली. "नळाचं आहे अण्णा, चार दिवसांमागं भरलेलं. तुमच्याकडं आत फिल्टरचं असतंय की."

"द्या हो."

दिलं. कोमट होतं, हंड्याचा वास होता. चार घोट प्यालो आणि बाटली परत केली. माझं पिणं बघून असेल, किंवा आता ती बाटली फक्त त्यांच्या वाट्याची उरली नव्हती म्हणून असेल, तिने दाराकडे पाठ केली आणि प्याली. थांबून थांबून, अर्धी बाटली.

मग तिनेच विचारलं, "सुई टोचायच्या आधी तुम्ही डोळे का मिटता? मी काचेतून रोज बघते."

सांगितलं. ती म्हणाली, आमचा मार्कंडेय, यमाच्या फासातून सुटलेला. नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा ह्यांच्यासाठी हात जोडते. रथाच्या गर्दीचं बराच वेळ सांगत राहिली. मी ऐकत होतो, डबा तसाच राहिला. मग विचारलं, "तुमचा देव काय करतो?"

पाठ केलेली उत्तरं माझ्याकडे भरपूर आहेत. त्या बाकावर त्यातलं एकही ओठावर आलं नाही. एवढंच म्हणालो, "अक्का, तो वधस्तंभावर टांगलेला असताना म्हणाला, मला तहान लागली आहे."

"देवाला तहान?"

"हो. आपल्यासाठी माणूस होऊन आला, आपल्यासारखाच तहानला. तुम्ही काकांसाठी राहता ना, तसा."

ती बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "मग त्याला पाणी दिलं का कुणी?"

"आंब दिली, आंबट झालेला द्राक्षारस. स्पंज भिजवून."

"अरेरे," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

आतून अलार्म वाजला, मी धावलो. काकांचं बीपी खाली आलं होतं. पाय वर केले, थोडं सलाइन सोडलं, दहा मिनिटांत सावरले. सुया काढल्यावर बर्फाचा खडा दिला, चघळायला. बायको आत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढा वेळ बाहेर काय करत होतीस?"

"पाणी पिलं," ती म्हणाली. "तुम्हाला सांगून पिणार आता."