घर आहे की धर्मशाळा?

आपल्याकडे भांडण असो नाहीतर लाड, अर्धी वाक्यं प्रश्न म्हणून बोलली जातात आणि त्यातल्या बऱ्याचशा प्रश्नांना उत्तर कुणालाच नको असतं. पैसे काय झाडाला लागतात? मी काय नोकर आहे तुमची? तुला काय करायचंय? ऐकतंय कोण माझं? यातलं एक तरी वाक्य कानावर न पडता दिवस गेला असं मराठी घर मला तरी माहीत नाही.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे हे उलटं चालतं. "मी काय वेडी आहे?" म्हणजे मी वेडी नाही आणि "मी सांगितलं नव्हतं?" म्हणजे चांगलं चारचारदा सांगितलं होतं. हे शाळेत कुणी शिकवत नाही, तरी एवढंसं पोर कंबरेवर हात ठेवून "मी काय बाळ आहे का?" असं अगदी बरोबर सुरात म्हणतं. म्हणी बघा, हातच्या कांकणाला आरसा कशाला, गाढवाला गुळाची चव काय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, सगळे प्रश्नच. साधं विधान केलं की समोरचा "असं काही नाही हं" म्हणून वाद घालू शकतो, प्रश्न टाकला की उत्तर त्याच्याच डोक्यात तयार होतं आणि स्वतःच्याच डोक्यात आलेल्या उत्तराशी तो भांडणार कसा.

प्रेमाचे प्रश्न पण असतात. "गरम होतंय, नाही?" म्हटलं की कुणीतरी उठून पंखा वाढवतं. पाहुणे उठले की "निघालात पण? एवढ्यात?" आणि मग दारात चपला घालून अजून अर्धा तास गप्पा. हे मला फार आवडतं, यात जबरदस्ती नसते, समोरच्याला हो-नाही करायला जागा असते.

पण घरात मोठ्यांनी लहानांना विचारलेले प्रश्न, तिथे मला खरंच त्रास होतो. "काही अक्कल आहे का?" याचं उत्तर काय द्यायचं? हो म्हटलं तर उद्धटपणा, नाही म्हटलं तर अपमान, गप्प बसलं तर "तोंड शिवलंय का?" आणि बोललं तर "उलट उत्तर देतेस?" म्हणजे प्रश्नावर अजून एक प्रश्न. नवीन सुनेला विचारतात ना, "तुमच्याकडे असंच करतात का?", तेही त्यातलंच. कोर्टात याला निदान नियम आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातच लिहून ठेवलं होतं की विचारणाऱ्याला हवं ते उत्तर सुचवणारा तो सूचक प्रश्न, आणि आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत असा प्रश्न विचारला तर समोरचा वकील हरकत घेऊ शकतो, उलटतपासणीत मात्र चालतो. घरात हरकत कोण घेणार? आमच्याकडे लेक उशिरा आली की मी "घर आहे की धर्मशाळा" म्हणायचं बंद केलंय, सरळ "उशीर का झाला" विचारते, मग ती सांगते की क्लास लांबला, बस भरून गेली, रस्त्यावरचे दिवे बंद होते. दिव्यांचं मला एरवी कधी कळलंच नसतं.

हाच प्रश्न खालून वर गेला की मात्र त्याची ताकद वेगळीच. चौदाव्या शतकात चोखामेळ्यांनी विचारलं, "काय भुललासी वरलिया रंगा?" ज्या माणसाला जातीमुळे विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू देत नव्हते त्यानं सगळ्या समाजाला विचारलेला हा प्रश्न आहे, आणि ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो हे आधी सांगून मग विचारलेला, म्हणजे पळायला वाटच नाही. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घराघरात सोल्जर घुसले, बंदोबस्ताचा प्रमुख इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, सरकारनं अख्ख्या शहरावर राग काढला, तेव्हा जुलै १८९७ मध्ये टिळकांच्या केसरीतल्या अग्रलेखाचा मथळा होता "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" सव्वाशे वर्षं उलटून गेली, लोकांना तो अग्रलेख आठवत नसेल पण मथळा तोंडपाठ आहे. "सरकारचे डोके ठिकाणावर नाही" असा असता तर राहिला असता का एवढा लक्षात, मला नाही वाटत.

एवढं मोठं कशाला, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एका भाडेकरू मुलीनं लिहिलं, "पार्किंगचे नियम फक्त भाडेकरूंनाच आहेत का?" बस एवढंच, ना कुणाचं नाव ना फोटो. कमिटीतल्या कुणी उत्तर दिलं नाही, लोकांनी नुसते अंगठे टाकले, पण त्याच आठवड्यात गेटजवळ कायम आडवी लावलेली एका फ्लॅटमालकांची गाडी हलली आणि नोटीस बोर्डावर नियमांचा कागद नव्याने लागला, यावेळी "सर्व रहिवाशांसाठी" असं वर ठळक लिहून.