म्यूली पॉइंटच्या कड्यावर: खुंट्या बाद, पाण्याचा हिशेब सुरू

कड्यावरच्या मुक्कामाला तंबूच्या खुंट्या न्याव्यात की नाही, हा विषय मागच्या नोंदीत अर्धवट राहिला होता. यंदाच्या वसंतात तो निकालात निघाला. अमेरिकेतल्या सीडर मेसा या पठाराच्या कड्यावर खुंट्या नेऊच नका. पायाखाली बहुतेक ठिकाणी सलग वालुकाश्म, त्यात खुंटी शिरत नाही. आणि जिथे सहज शिरेल अशी काळपट, खरबरीत माती दिसते, तिथे तर पाऊलही टाकायचं नाही. ती माती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया (सूक्ष्म जीवाणू), शेवाळ आणि दगडफूल मिळून वाळू धरून ठेवतात, आणि बुटाने मोडलेला तो थर सावरायला कित्येक वर्षं जातात.

नव्यांसाठी जागेची ओळख. युटा राज्याचा आग्नेय कोपरा. मेक्सिकन हॅट या गावाहून २६१ नंबरच्या रस्त्याने वर निघालं की मोकी डगवे लागतो. युरेनियमचं खनिज ट्रकने खाली नेता यावं म्हणून १९५० च्या दशकात कड्यात खोदलेला हा कच्चा घाट. सुमारे ३ मैल, ११ टक्के चढ, कठड्याची अपेक्षा ठेवू नका. (आपला वरंध घाट ज्यांनी पावसाळ्यात केलाय ते इथे निवांत असतात, शेजारी बसलेले नसतात.) घाटमाथ्यावर डावीकडे मातीचा रस्ता फुटतो, तो म्यूली पॉइंटचा. पाऊस पडला की या रस्त्याचा नुसता चिखल होतो, तेव्हा ढग दिसले तर खालीच थांबा.

टोकाकडची जमीन ग्लेन कॅन्यन रिक्रिएशन एरियाची, अलीकडची बीएलएमची (केंद्र सरकारचं जमीन खातं), म्हणजे बेअर्स इअर्स या राष्ट्रीय स्मारकातली, म्हणजे संरक्षित प्रदेशातली. दोन्हींचे नियम वेगळे आणि बदलणारे, म्हणून निघण्यापूर्वी केन गल्च रेंजर स्टेशनला विचारून घ्या. समोर दिसणारे मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके मात्र सॅन वान नदीपलीकडे, नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशात आहेत. तिथे परवान्याशिवाय तंबू टाकता येत नाही.

आता वारा. खरं तर ही सगळी नोंद वाऱ्याचीच आहे. वसंतात नैऋत्येचा वारा दुपारनंतर जोर धरतो, कड्यावर आपटतो आणि सरळ वर चढतो. कोकणकड्यावरून टोपी फेकून ती परत झेलणाऱ्यांना हे सांगायला नको. फसवं असं की अगदी धारेवर कधीकधी शांत वाटतं, आणि थोडं मागे आलं की वारा चारी दिशांनी झोंबतो. आम्ही धारेपासून चांगलं मागे, ज्युनिपरच्या (इथलं बुटकं सदाहरित झाड) आडोशाला, आधीच वापरात असलेल्या उघड्या खडकावर तंबू टाकतो. कड्यावर बसायला जायचं, झोपायला नाही. रात्री उठून अंधारात चालायची वेळ येतेच, तेवढं एक कारणही पुरे.

खुंट्यांऐवजी दगड वापरतो, पण दोरी थेट मोठ्या दगडाला बांधत नाही. दोरीचा लांब फास नारळाएवढ्या दगडाभोवती घ्यायचा, आणि त्याच्या तंबूकडच्या बाजूला, दोरीवरच, मोठा जड दगड ठेवायचा. वाऱ्याने ओढ लागली की छोटा दगड मोठ्याला जाऊन अडतो. गाठ सैल करायची तर मोठा दगड हलवावा लागत नाही. दोरी घासते तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. निघताना दगड जिथले तिथे.

पाणी: माणशी दिवसाला ४ लिटर पिण्या-रांधण्याचं, वर एका दिवसाचं जास्तीचं. सगळं खालूनच भरून आणायचं. पावसानंतर खडकातल्या खळग्यांमध्ये पाणी साचतं, पण त्यात चिमुकल्या कोळंबीसारखे जीव असतात. त्यांची अंडी कोरड्या खळग्यात वर्षानुवर्षं तग धरतात. सनस्क्रीन लावलेला हातही त्यात बुडवू नका.

स्वयंपाकात मोठा बदल म्हणजे तूरडाळ बाद. सहा हजार फुटांच्या वर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजेपर्यंत गॅसचा डबा संपतो. आता घरून दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि संध्याकाळी भिजवलेल्या मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. भांडी जवळजवळ पडत नाहीत. शेगडीला आडोसा करताना एक बाजू उघडी ठेवा, डब्याभोवती पूर्ण पत्रा लावला तर डबा तापतो आणि ते धोक्याचं आहे. लाकडं पेटवत नाही. इथलं वाळलेलं ज्युनिपरसुद्धा कुणाचं तरी घर असतं.

शौचाचं: खड्डा खणायला मातीच नाही, म्हणून मैला घट्ट करणारी पावडर असलेल्या पिशव्या आणि झाकणाचा डबा. सगळं परत न्यायचं. पाहुण्यांना हे आधी सांगा, कड्यावर पोचल्यावर नको.

अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगेसाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. उत्तरेचं नॅचरल ब्रिजेस राष्ट्रीय स्मारक हे २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं उद्यान) ठरलं, यावरून अंधाराची कल्पना येईल.

ऑक्टोबरात तंबू न नेता नुसत्या बिव्हीत (स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक पिशवी) झोपून बघायचा बेत आहे. वाऱ्यात वाळू तोंडावर येते त्याला कुणी काही जुगाड केला असेल तर सांगा. बफ (गळ्यात-तोंडावर घालायचं नळीसारखं कापड) मी वापरून झालाय, श्वास कोंडतो.