‘निःसंतान’ लिहिलेल्याची सात मुलं

खरं सांगायचं तर बायबलमधलं 1 इतिहास हे पुस्तक आलं की मी दरवर्षी चोरी करते. पहिले नऊ अध्याय नावंच नावं, नुसती नजर फिरवायची आणि रीडिंग प्लॅनवर टिक मारायची, झालं. आज पण तेच चाललं होतं, अर्धी झोपेतच होते, पण तिसऱ्या अध्यायात 17व्या वचनापाशी अडकले. यहूदाचा राजा, बंदिवान यखन्या, आणि पुढे त्याच्या मुलांची नावं. चांगली सात!

अरे पण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात 22व्या अध्यायात याच माणसाला निःसंतान लिहून ठेवा म्हटलंय ना? उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी उपटून काढला असता, असंही देव म्हणतो त्याला. 18 वर्षांचा पोरगा, राज्य केलं जेमतेम तीन महिने आणि मग बाबेलमध्ये 37 वर्षं कैद. दावीद राजाचं घराणं टिकेल असं देवाचं वचन होतं, आणि हा त्याच घराण्यातला, म्हणजे विषय तिथेच संपायला हवा होता.

आणि गंमत म्हणजे बाबेलच्या खोदकामात मातीच्या पाट्या सापडल्यात, 1939 साली त्या प्रसिद्ध झाल्या, त्यात कैदेतल्या या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल द्यायचं त्याची नोंद आहे. म्हणजे देवाने वचन कसं सांभाळलं त्याचा हिशोब शत्रूच्याच कारकुनाने लिहून ठेवलाय, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं असणार आपण रेशनचं रजिस्टर भरतोय.

मग हाग्गय संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं. यखन्याचा नातू जरुब्बाबेल, आणि त्याला देव काय म्हणतो, तर मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखं करीन. तीच अंगठी! आजोबाला काढून फेकलं ते नातवाला परत. बरं, यिर्मयाचा शब्दही खोटा पडला नाही, जरुब्बाबेल राजा झालाच नाही, सुभेदारच राहिला, पण यरुशलेमचं मंदिर त्याच्याच हातून उभं राहिलं. शिक्षा पण खरी आणि वचन पण खरं, हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते मला अजून नीट उलगडलेलं नाही, पण ती सात नावं डोळ्यासमोर आहेत त्याचं काय करणार.

माझ्या प्रार्थनेच्या वहीत एक नाव होतं, घरातलंच. किती महिने झाले, मी ते लिहायचंच सोडून दिलंय. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवून टाकलं की इथे आता काही होत नाही.

झोप उडालीच होती म्हणून मत्तयाचा पहिला अध्याय पण काढला, त्यात येशूची वंशावळ आहे. मत्तय म्हणतो बाबेलच्या बंदिवासापासून ख्रिस्तापर्यंत 14 पिढ्या. मी बोटांवर मोजल्या, यखन्याचा मुलगा शल्तीएल याच्यापासून येशूपर्यंत 13च भरतात, परत मोजल्या तरी 13. यखन्याला दोनदा धरलं तेव्हा कुठे 14 झाल्या.