एसटी जाते, मग तुमची गाडी का नाही?

"ताई, एवढी मोठी एसटी रोज येते की इथं. तुमची गाडी का नाही वळत?"

साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी, वाघांबे गावाच्या अलीकडे एका शेतरस्त्यावर तिथल्याच एका बाबांनी हे विचारलं, तेव्हा आमची भाड्याची तेवीस फुटी मोटारहोम, म्हणजे आत राहता येतं अशी गाडी, आडवी अडकून पडली होती. डिसेंबरची संध्याकाळ, अंधार झपाट्यानं उतरत होता. पुढचं चाक कांद्याच्या वाफ्यापासून वीतभर अंतरावर आणि शेपूट मागच्या बांधाच्या दगडाला टेकलेली. नवरा स्टिअरिंगवर, आणि मी मागे मोबाईलचा उजेड धरून "आण, आण, अजून चार बोटं... थांब!" करत होते. नुकतीच लावलेली रोपं होती. त्यांच्यावरून चाक गेलं असतं तर त्या माणसाची महिन्याभराची मेहनत गेली असती, आणि या एका विचारानं माझे हात थरथरत होते.

बाबांचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. एसटी आमच्या गाडीपेक्षा किती तरी लांब असते, आणि ती ताहाराबाद, मुल्हेर करत या खेड्यांपर्यंत येते. मग आमचं अडलं कुठे? उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सापडलं. एसटी येते ती डांबरावरून, आणि वळते गावातल्या मोकळ्या जागेत. डांबर सोडून आत, कुणाच्या बांधाकडेला, ओढ्याच्या काठी ती जात नाही. आम्हाला मात्र नेमकं तिथंच राहायचं होतं. रस्ता संपल्यावर पुढे जे दोनशे मीटर असतात, सगळा प्रश्न त्या दोनशे मीटरांचा आहे.

आम्ही दोघं नाशिकचे. मुलगी शिकायला बाहेर गेली, माझं अकाउंटचं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं, नवऱ्यानं नोकरीला रामराम केला. गंगापूर रोडचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि गाडीतच राहायचं, हे ठरून दीड वर्ष झालं. २०२१ साली राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून हे डोक्यात घोळत होतं. पण गाडी किती लांब घ्यायची, यावर आमचं घोडं अडलं होतं. म्हणून ठरवलं की आधी मोठीत राहून बघू, मग छोटीत.

मोठीचं सुख आधी सांगते, कारण ते खरंच सुख होतं. नऊ दिवस आम्ही तिच्यात राहिलो. मागे लांबीला कायमचा पलंग, मधे ओटा, न्हाणीत दार लावून उभं राहून अंघोळ करता येत होती. सकाळी मी कामाला बसले तरी नवऱ्याला पोहे करायला मला उठवावं लागत नव्हतं. वर्षभर राहायचं म्हटलं की ही एवढीशी गोष्ट फार मोठी असते. सासूबाई चांदवडला भेटायला आल्या होत्या. आत येऊन पलंगावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बाई घरच आहे." मुल्हेरला गावाबाहेर मोकळ्या माळावर दोन रात्री काढल्या, समोर मोरा-मुल्हेर या किल्ल्यांची जोडी. तिथं लांबीचा काही म्हणजे काही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो वाघांब्याकडे.

साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, कळसूबाईनंतर राज्यातलं दुसरं उंच शिखर. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्याच पायथ्याशी. तो डोंगर दारातून दिसेल अशा जागी मुक्काम करायचा, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. एका भाऊंनी शेताकडेची पडीक जागा आनंदानं दिली. जाताना सरळ गेलो. जागा उतरती निघाली, म्हणून परत फिरायचं ठरवलं आणि अडकलो. शेवटी बाबांनी पोरांना बोलावलं, चौघांनी बांधाचे पाच-सहा दगड काढले, गाडी निघाली, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते दगड पुन्हा जसेच्या तसे रचले. बाबांनी एक रुपया घेतला नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं कागद घेतला. तो मोजमापाचा माणूस आहे. लांब गाडी का अडकते याची दोन कारणं असतात आणि ती वेगवेगळी समजून घ्यायला हवीत. पहिलं म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला सगळे व्हीलबेस म्हणतात. आपण घर बांधतो ती टेम्पो ट्रॅव्हलर ३३५०, ३७००, ४०२० मिलिमीटर अशा व्हीलबेसमध्ये मिळते, आणि त्या गाड्या अंदाजे अठरा, वीस आणि तेवीस फूट भरतात. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, ती आतून कापतात. सात मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर ३३५० ची गाडी सुमारे ८५ सेंटिमीटर आतून कापते आणि ४०२० ची सव्वा मीटरहून जास्त. फरक जवळपास दीड फुटाचा. दहा फुटी शेतरस्त्यावर दीड फूट म्हणजे चाक मातीवर की चारीत, एवढा फरक.

दुसरं कारण शेपूट. मागच्या चाकाच्या मागे जो भाग लोंबतो तो तेवीस फुटीत आम्ही टेपनं मोजला, सहा फुटांच्या वर भरला. अठरा फुटीत तो चार फुटांच्या आसपास. गाडी उजवीकडे वळवली की हीच शेपूट डावीकडे बाहेर फेकली जाते, आणि ड्रायव्हरचं लक्ष तेव्हा पुढे असतं. शिवाय फरशी पुलावरून किंवा ओढ्यातून वर चढताना पुढचं तोंड वर जातं आणि शेपूट खाली जमिनीला घासते. आमच्या त्या गाडीत पाण्याची टाकीही अगदी मागे बसवलेली होती. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, तेही मागच्या चाकाच्या पलीकडे. टाकी भरलेली असली की पुढचं स्टिअरिंग हलकं लागायचं, हे घाटात मला बाजूच्या सीटवरही जाणवत होतं.

मग जुलैत अठरा फुटी. मित्राची गाडी, अकरा दिवस. घोटीवरून भंडारदरा, १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, मग जलाशयाच्या काठानं घाटघरकडे. काय गाडी होती ती! समोरून जीप आली की कडेला घ्यायची, कुठल्याही फाट्यावर वळवायची, मनात येईल तिथं थांबायचं. साम्रदच्या वाटेला एका घराच्या अंगणात, अक्षरशः गोठ्याशेजारी आम्ही गाडी लावली. धुकं इतकं होतं की चार हातांवरची म्हैस दिसत नव्हती, फक्त तिचा श्वास ऐकू यायचा. त्या घरातल्या मावशींनी रात्री नागलीची भाकरी आणून दिली. तेवीस फुटी गाडी त्या अंगणाच्या तोंडाशीच थांबली असती.

पण आत राहणं? पाऊस सतत चार दिवस. दार उघडायची सोय नाही. पलंग म्हणजे दोन बाकडी जोडून केलेला, सकाळी गाद्या उचलायच्या तेव्हा टेबल मांडता येणार, रात्री टेबल मोडायचं तेव्हा पाठ टेकणार. ओले कपडे डोक्यावर, चिखलाचे बूट पायाशी. सहाव्या दिवशी एका क्लायंटचं जीएसटीचं काम अर्धवट ठेवून मला लॅपटॉप बंद करावा लागला, कारण नवऱ्याला ताप भरला होता आणि आडवं व्हायला दुसरी जागाच नव्हती. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की बाकी काहीही तडजोड करीन, पण एक जण झोपलेला असताना दुसऱ्याला बसता आलं पाहिजे. सुट्टीला गेलेल्या माणसाला ही अडचण कळत नाही, कारण त्याला चार दिवसांनी घर असतं. बारा महिने राहणाऱ्याला ताप गाडीतच येतो.

आणि पाणी. छोटीची टाकी सत्तर लिटर. आम्ही दोघं काटकसरीनं दिवसाला तीस लिटर वापरतो, त्यात पिणं, भांडी, बादलीभर अंघोळ सगळं आलं. म्हणजे दोन दिवसांत टाकी रिकामी. पावसाळ्यात कुठेही भरता येते, प्रश्न नाही. पण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन किती लांब जातात हे ज्यानं पाहिलंय, त्यानं एप्रिलमध्ये त्यांच्या विहिरीला आपली मोटर लावू नये. असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून दीडशे लिटरची टाकी हवीच, आणि ती पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली.

दिवाळीत आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रांगोळी घातली. म्हणजे दारातल्या ठिपक्यांची नव्हे, गाडीची. एकाशेजारी एक तीन आयत, अठरा, वीस आणि तेवीस फुटांचे. पुढचे सात फूट नाक आणि ड्रायव्हरच्या सीटचे म्हणून सोडून दिले. मग उरलेल्या भागात पलंगाच्या जागी सतरंजी, ओट्याच्या जागी स्टूल, न्हाणीच्या जागी पाटी. दोघं त्या रेघांच्या आत वावरून बघितलं. मी ओट्याशी उभी आणि तो मागून पलंगाकडे जाणार, तेव्हा कुणाला सरकावं लागतं? सांडलेल्या रांगोळीवर पावलं उमटायची, त्यावरून कळायचं कुठे धक्का लागतो.

तिथं एक गोष्ट लख्ख दिसली. लांबी ठरवतो पलंग. लांबीला घातला तर तो सव्वासहा फूट खातो. आडवा घातला तर साडेचार फुटांत भागतं, म्हणजे पावणेदोन फुटांची बचत. आणि आडवा पलंग घातला की वीस फुटी आयतात कायमचा पलंग, ओटा, समोर न्हाणी आणि बसायला एक वेगळी जागा, सगळं बसत होतं. तेवीस फुटीतले वरचे तीन फूट आम्हाला फक्त पलंगाच्या दिशेमुळे लागत होते! अट एकच, आडवं झोपणारा माणूस गाडीच्या रुंदीत मावला पाहिजे. नवरा पाच फूट आठ इंच. मी त्याच्यापेक्षा बुटकी, माझा प्रश्न नव्हता.

अंबडच्या एमआयडीसीतल्या ज्या मिस्त्रींकडे काम द्यायचं ठरलं, त्यांनी आधी कागदपत्रांचं विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि मंजुरी नसताना कटर लावणार नाही म्हणाले. मला ते आवडलं. गॅसच्या टाकीच्या कपाटाला तळाशी जाळी ठेवायची हेही त्यांनीच सांगितलं, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. आमची रिकामी वीस फुटी दारात उभी होती. मी म्हटलं, दादा, कापायच्या आधी आम्हाला दोन रात्री द्या.

मग फेब्रुवारीत आम्ही तोच रस्ता धरला. देवळा, सटाणा, ताहाराबाद. आत काही नाही, उघडा पत्रा, एक गादी, पाण्याचा कॅन, स्टोव्ह, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. खड्ड्यात गाडी गेली की पिंपात दगड घातल्यासारखा आवाज. वाघांब्याच्या अलीकडे तोच शेतरस्ता. या वेळी आधी दोघं उतरलो, चालत टोकापर्यंत जाऊन आलो, वळायची जागा पावलांनी मोजली आणि मगच गाडी आत घातली. जमीन अजून उतरतीच होती, म्हणून पुन्हा फिरवली. तीन कट लागले. शेपूट बांधापासून हातभर लांब राहिली, दगडाला कुणी हात लावला नाही. कांदा आता चांगला पोसला होता, माना हिरव्यागार. गावाच्या बाजूला थोडं अलीकडे सपाट जागा मिळाली.

रात्री थंडी चांगलीच होती. गादी आडवी टाकली, जिथं पलंग येणार नेमकं तिथं. नवरा झोपला आणि मी टॉर्च घेऊन त्याच्या डोक्याशी आणि पायाशी टेप लावला. पत्रा ते पत्रा बरोबर सहा फूट. म्हणजे सगळी मिळून चार इंच शिल्लक. मिस्त्रींच्या नकाशात दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि प्लाय धरून दोन-दोन इंच जाणार होते.

"पाय पत्र्याला लागतोय का?" मी विचारलं.

"आत्ता नाही. पण तुझे चार इंच गेले की डोकं आणि टाचा दोन्ही भिंतीला."

तिथूनच मिस्त्रींना मेसेज टाकला. पलंगाच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, एकच इंच. बाकी सगळीकडे दोन. सकाळी मुल्हेरला रेंज आली तेव्हा त्यांचं उत्तर दिसलं: 'होईल ताई. फक्त तिथं खिडकी घेऊ नका.'